मदत हवी आहे: उद्या रेड अलर्ट, दुपारी मोठी भरती, घर तळमजल्यावर. सासूबाईंना कधी हलवू?

तळमजला (मंगळवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, चुका पोटात घाला.

फेब्रुवारीत आम्ही ठाण्यात भाड्याने राहायला आलो. राबोडीच्या अलीकडे, नाल्याकडे पाठ करून उभी असलेली जुनी तीन मजली इमारत. लिफ्ट नाही. तळमजला मुद्दाम घेतला, सासूबाईंना जिना नको म्हणून. त्या ७८ वर्षांच्या. तीन आठवड्यांपूर्वी पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून पलंगापासून बाथरूमपर्यंत जातात, तेवढंच. नवरा कामासाठी नाशिकला. तो म्हणतो रात्रीच निघतो, मी म्हणते या पावसात कसारा घाट नको.

संध्याकाळी मोबाईल एकदम भोंग्यासारखा केकाटला. ठाणे जिल्ह्याला उद्या रेड अलर्ट, सोबत सोसाट्याचा वारा. शेजारी म्हणतात, 'पाणी पायरीपर्यंत येतं नि जातं, घाबरू नका.' घरमालकांना फोन केला तर त्यांचंही तेच. पण आज आवराआवर करताना एक गोष्ट खटकली. घरातले सगळे प्लगपॉइंट माझ्या छातीएवढ्या उंचीवर आहेत. फ्रिजचासुद्धा. घर बघायला आलो तेव्हा विचारलं होतं, मालक म्हणाले लहान मुलांचा हात लागू नये म्हणून.

आत्ता रात्रीच हलवू की सकाळपर्यंत थांबू? नणंद डोंबिवलीला आहे, तिथे गाडी करून नेऊ का? घरातलं काय काय वर उचलायचं? स्कूटर कुठे ठेवू? खिडकीला लागून गुलमोहर आहे, त्याच्या फांद्या आत्तापासूनच काचेवर आपटतायत. आधी काय, नंतर काय, काही सुचत नाहीये.

राबोडीकर (९.५२)

ताई, ते प्लग लहान मुलांसाठी नाहीत, २००५ साठी आहेत.

२६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला हे सगळे सांगतात. आपल्या बाजूला काय झालं ते वृंदावन, श्रीरंगमधल्या जुन्या तळमजलेवाल्यांना विचारा. त्यानंतर ज्यांनी वायरिंग नव्याने केलं, त्यांतल्या शहाण्यांनी बोर्ड वर नेले. दर वर्षी तसं होत नाही, त्यामुळे शेजारी खोटं बोलत नाहीयेत. पण तुमच्या भिंतीला काहीतरी आठवतंय, एवढं धरून चला.

रात्री हलवू नका. ओल्या जिन्यावर, अर्ध्या उजेडात आजींना उचलणं पाण्यापेक्षा जास्त धोक्याचं. डोंबिवली तर विसराच. वाटेत अडकलात तर ना इकडच्या ना तिकडच्या. पहिला मजला हीच तुमची डोंबिवली. आत्ताच वर जाऊन बेल वाजवा आणि शब्द टाकून ठेवा. ठाण्यात कोणी नाही म्हणत नाही हो, फक्त विचारावं लागतं.

आणि सगळे उंबऱ्याला गोण्या लावत बसतात. पाणी आधी दारातून येत नाही, संडासातून येतं! नाला भरला की ड्रेनेज उलटं वाहतं. जाड प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरा, नसेल तर माती, तोंड घट्ट बांधा. एक कमोडच्या भांड्यात दाबून बसवा, एक बाथरूमच्या जाळीवर, वर भरलेली बादली. आम्ही २००५ ला उंबरा अडवून बसलो होतो आणि मागून घर भरत होतं.

निवांत कळवेकर (१०.०१)

दर आठवड्याला रेड अलर्ट येतो आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडतं. गेल्या वेळी शाळा बंद, पोरं दिवसभर मैदानात क्रिकेट खेळली. उगाच म्हाताऱ्या माणसाला हलवू नका. वेधशाळेवर विसंबून कोणी घर सोडतं का?

खाडीकाठ (१०.१५)

निवांत, तुम्ही म्हणता ते निम्मं खरं आहे. अलर्ट जिल्ह्याला असतो. ठाणे जिल्हा म्हणजे मीरा-भाईंदरपासून मुरबाड-शहापूरपर्यंत. माळशेजच्या पायथ्याशी धो धो आणि नौपाड्यात भुरभुर, असं होऊ शकतं, आणि तरी अंदाज बरोबरच असतो. हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत २०४.४ मिमीच्या वर म्हणजे अत्यंत मुसळधार. पण तेवढा पाऊस दिवसभर संथ पडला तर ठाणं तो पचवतं, आणि त्याच्या निम्मा तीन तासांत कोसळला तर पचवत नाही.

म्हणून ताई, रंग बघा, पण त्याहून जास्त घड्याळ बघा. येऊरच्या डोंगरावरून उतरलेलं पाणी नाल्यांतून खाडीला जातं. भरतीच्या वेळी खाडीच चढलेली असते, मग नाल्याने तोंड घालायचं कुठे? उद्याची भरती दुपारी पाऊणच्या सुमारास, ४.७ मीटर. हे वेळापत्रक मुंबईतल्या अपोलो बंदरचं, खाडीच्या आपल्या टोकाला पाणी जरा उशिराच चढतं. म्हणजे अकरा ते तीन हा तुमचा वाईट काळ. ओहोटी सकाळी सहा-सातच्या आसपास, तेव्हा जोराचा पाऊस पडला तरी नाला वाहता असतो. सकाळी सात ते नऊमध्ये आजी वरच्या मजल्यावर पोहोचायला हव्यात. पाऊस नसला तरी. ऊन पडलं असलं तरीसुद्धा.

रात्रीही एक भरती आहे, पण पावसाळ्यात दुपारचीच मोठी असते. परवाची वेळ साधारण पाऊण तास पुढे धरा.

तळमजला (१०.२४)

भरतीचा विचारच केला नव्हता! आम्ही मूळचे नगरचे, आमच्याकडे पाणी वरून येतं, तेही आलं तर. पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे जाऊन आले. त्या म्हणाल्या, 'विचारायला कशाला आलीस, मी पलंग आवरूनच ठेवलाय.' रडूच आलं मला.

आता प्रश्न जिन्याचा. १८ पायऱ्या आहेत. सासूबाईंना उचलायचं कसं?

फिजिओ घोडबंदर (१०.३७)

पाठुंगळी अजिबात घेऊ नका. कोणीतरी ताकदवान मुलगा 'मी घेतो उचलून' म्हणत पुढे येईल, त्यालाही नको म्हणा. हात असलेली, पाय न हलणारी मजबूत खुर्ची घ्या. प्लास्टिकची नको, ऐन जिन्यात हात तुटतो. खुर्ची बुटकी असेल तर बसायला जाड उशी घाला, कारण या ऑपरेशननंतर गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत. पाय एकमेकांवर येऊ देऊ नका, मांड्यांच्या मध्ये छोटी उशी ठेवा. छातीभोवती आणि खुर्चीच्या पाठीभोवती ओढणी बांधा. दोघं मागून, दोघं पुढून, तोंड जिन्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे खुर्ची मागे कललेली राहते. प्रत्येक चार पायऱ्यांनी थांबा. घाई नको म्हणून तर सकाळी करायचं.

शक्य झालं तर सर्जनना आज रात्रीच एक मेसेज टाकून ठेवा, ऑपरेशनच्या प्रकारानुसार एखादी सूचना वेगळी असू शकते. वॉकर, कमोड-चेअर, आठ दिवसांची औषधं आणि ऑपरेशनची फाइल आधी वर जाऊ दे. त्या वर बसल्यावर 'माझा चष्मा खाली राहिला' म्हणणार, हे गृहीत धरा.

राबोडीकर (१०.४४)

चष्मा आणि जपमाळ.

वायरिंगवाला (१०.५०)

पाणी घरात शिरायच्या आधी मेन स्विच बंद करायचा, शिरल्यावर नाही. पाण्यात उभं राहून बोर्डाला हात लावायचा नाही, मग बोर्ड कितीही वर असो. आणि इन्व्हर्टर आहे का घरात? लोक मेन बंद करून निश्चिंत होतात आणि इन्व्हर्टर घराला करंट देतच राहतो. तो वेगळा बंद करा, बॅटरी जमिनीवर असेल तर ओट्यावर चढवा, एकट्याने उचलू नका. फ्रिज, वॉशिंग मशीन विटांवर. गॅसची टाकी पाण्यात तरंगते, रेग्युलेटर काढून टोपी लावून वर ठेवा.

मीटर जिन्याखाली असतील आणि पाणी तिथपर्यंत चढलं तर महावितरणला १९१२ वर कळवून पुरवठा बंद करून घ्या. आज रात्रीच गच्चीवरची टाकी फुल्ल भरून घ्यायला सांगा. उद्या पाणी आत आलं तर खालच्या टाकीचा पंप लावायचा नाही, नाहीतर नाल्याचं पाणी सगळ्या इमारतीच्या नळाला येतं. आमच्याकडे एकदा तसं झालंय, आठवडाभर अख्खी विंग आजारी.

बेलापूर सेक्टरवाली (११.०५)

थोडं अवांतर. ठाण्याचं ऐकून वाटतं आम्ही नशीबवान. सिडकोने इकडे नवी मुंबईत डच धर्तीवर धारण तलाव केले. भरती चढली की झडपा बंद, पावसाचं पाणी तळ्यात साठतं, ओहोटीला झडपा उघडून खाडीत सोडायचं. कल्पना सुंदर आहे. पण तळ्यांत गाळ भरला, गाळात खारफुटी उगवली, खारफुटीला हात लावायचा तर उच्च न्यायालयाची परवानगी. खारफुटी तर हवीच, तीच लाटा अडवते. त्यामुळे मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आला की आम्हीही बेलापूरला पँट दुमडूनच फिरतो.

स्कूटरसाठी: तळघरातल्या पार्किंगमध्ये नको, गुलमोहराखाली तर नकोच. फांदी सहज मोडते त्याची, आणि भोवती सिमेंट केलेलं असलं की मुळं पण धरत नाहीत. उड्डाणपुलावर लावायची टूम निघालीय, तीही नको, अॅम्ब्युलन्स अडकते. खाडीकडे पाठ करून जरा चढावर कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्या आवारात. पाण्यात बुडालीच तर स्टार्टर मारू नका, ढकलत गॅरेजला न्या. सुरू करून बघायच्या नादात इंजिनात पाणी जातं, आणि विम्याचं वेगळं इंजिन कव्हर नसेल तर खर्च आपलाच.

झाडपाला (११.१२)

काचेला चिकटपट्ट्या लावायचं कोणी सुचवेल, त्याने काच वाचत नाही, पट्टी काढताना तुमचा रविवार जातो फक्त. पलंग खिडकीपासून लांब ओढा, पडदा लावून ठेवा, काच फुटली तर तुकडे पडद्यात अडकतात. सरकत्या खिडक्या असतील तर खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजलेली असतात. जुना टूथब्रश फिरवा. वाऱ्याचा पाऊस तिथूनच आत येतो आणि लोक भिंतीला दोष देतात. १७ मे २०२१ ला, तौक्ते वादळात, कुलाब्याला वारा ताशी ११४ किमीला गेला होता. त्या दिवशी माझ्या हॉलमध्ये तळं, आणि कारण काय, तर कबुतराचं एक पीस.

फांदी स्वतः तोडू नका. परवानगी लागते, आणि या वाऱ्यात शिडीवर चढणं म्हणजे वेडेपणा. उद्यान विभागाकडे तक्रार नोंदवून ठेवा.

खाडीकाठ (११.२०)

नंबर लिहून दाराला चिकटवा: ११२, अग्निशमन १०१, जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. मोबाईलमध्ये तर असतातच, पण मोबाईल बंद पडतो. आणि नवरोबांना सांगा, नाशिकलाच झोपा.

तळमजला (बुधवार, सकाळी ८.५०)

सासूबाई वर. चार जणांत दोन कॉलेजची मुलं, एक दूधवाले आणि एक निवृत्त पोस्टमन. सातव्या पायरीवर सासूबाई म्हणाल्या, 'मला लग्नात पण एवढं मिरवलं नव्हतं.' चष्मा खरंच खाली राहिला होता. जपमाळ मात्र हातात होती.

पाऊस थांबलाय. आभाळ इतकं स्वच्छ की मला लाज वाटायला लागलीय.

निवांत कळवेकर (९.०५)

म्हटलं होतं ना.

तळमजला (रात्री ८.३०)

निवांत, सव्वाअकराला सुरू झाला. समोरची बिल्डिंग दिसेना. एक वाजता पाणी तिसऱ्या पायरीला, दीडला उंबऱ्याला. वरून बघत होते. मेन आणि इन्व्हर्टर नऊलाच बंद केले होते. गुलमोहराची मोठी फांदी आमच्या खिडकीवर नाही, शेजारच्या गाडीवर पडली, त्यात कोणी नव्हतं. पावणेतीनला पाऊस तसाच होता, तरी पाणी उतरायला लागलं. खाडीकाठ, तुमचं घड्याळ बरोबर निघालं.

कमोडची पिशवी टिकली, बाथरूमचीही. पण स्वयंपाकघरातल्या मोरीची जाळी मी विसरले. तिथून घोट्याएवढं काळं पाणी आत आलं. फ्रिज वाचला, सासूबाईंचा पलंग मात्र खालून भिजलाय, प्लायवूडचा आहे. आता तो टाकून द्यायचा का? आणि मी त्या पाण्यात चप्पल घालून फिरलेय, टाचेला भेग आहे.

फिजिओ घोडबंदर (८.४१)

पलंगाचं नंतर. टाच साबणाने स्वच्छ धुवा आणि उद्या सकाळीच डॉक्टरांकडे जा. अशा पाण्यात उंदरांचं मूत्र असतं, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका. प्रतिबंधाची गोळी ७२ तासांच्या आत द्यायची असते, पण ती डॉक्टरांनी द्यायची, मेडिकलमधून स्वतः आणायची नाही. ताप, पोटऱ्या दुखणं सुरू झालं तर 'मी पाण्यात फिरले होते' हे आधी सांगा.

राबोडीकर (८.५५)

मोरी मीच सांगायला विसरलो, माझी चूक.

पलंग टाकू नका. फळ्या सुट्या करा, स्वच्छ पाण्याने पुसा, भिंतीला टेकवून उभ्या करा आणि पंखा सोडा. पण पंखा लावायच्या आधी वायरमनला बोर्ड दाखवून घ्या. कडक उन्हात ठेवू नका, पापडासारख्या वाकतात. थर सुटून फुगलेली फळी तेवढी बदला. गादी खालून भिजली असेल तर मात्र तिचा मोह सोडा. आणि आजींना पाच-सहा दिवस वरच राहू द्या. उद्याची भरती दीडच्या सुमारास आहे.