मदत हवी आहे: अमेरिकेतल्या ख्रिश्चन कॉलेजात फायनान्स-मॅनेजमेंट, पाठवावं का?

भाचीची_मावशी

नमस्कार मंडळी,

भाचीसाठी विचारतेय. बारावी झाली आहे आणि अमेरिकेत फायनान्स अँड मॅनेजमेंटच्या चार वर्षांच्या पदवीसाठी तिने अर्ज केले होते. एका छोट्या ख्रिश्चन कॉलेजाचं पत्र आलंय, निम्म्याहून जास्त ट्यूशन माफ. एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीतही प्रवेश मिळालाय, पण तिथे सूट म्हणाल तर शून्य.

आम्ही ख्रिस्ती नाही. घरात सरळ दोन तट पडलेत. ताईला धास्ती की पोरीला रोज प्रार्थनेला बसवतील आणि चार वर्षांनी ती वेगळीच होऊन येईल. भावजी म्हणतात, असल्या ठिकाणी शिस्त असते, व्यसनं नसतात, डोळे झाकून पाठवा. ज्या मुलीबद्दल हे सगळं चाललंय ती शांतपणे कॉलेजचं स्टुडंट हँडबुक वाचत बसलेली असते. त्यात तिला सापडलं की चॅपलला (कॉलेजातल्या प्रार्थनासभेला) दर सेमिस्टरला ठरावीक हजेरी लागते, दारात ओळखपत्र स्कॅन होतं, आणि दहा मिनिटं उशीर झाला तर ती हजेरी धरत नाहीत.

मला त्या हजेरीपेक्षा दुसरीच काळजी आहे. फायनान्ससारखा विषय तिथे नीट शिकवतात का, की प्रत्येक धड्याला बायबलची फोडणी? कंपन्या अशा पदवीला विचारतात का? कुणी तिथे शिकलं असेल किंवा मुलं पाठवली असतील तर लिहा. "देवाच्या मनात असेल तसं होईल" छापाचे प्रतिसाद नकोत, ते घरात भरपूर मिळताहेत. :)

---

तळटीप

मी अशाच एका कॉलेजात शिकलो. नाव घेत नाही. मी हिंदूच गेलो आणि हिंदूच परत आलो, तेव्हा ताईंना सांगा निश्चिंत राहा.

आधी हे समजून घ्या की "ख्रिश्चन कॉलेज" ही एकच जात नाही. नोत्र दाम कॅथलिक आहे. तिथे धर्मशास्त्राचे दोन कोर्स करावे लागतात, पण मासला (कॅथलिक उपासनेला) जायची सक्ती नाही. बेलर ही १८४५ सालची बाप्टिस्ट युनिव्हर्सिटी. तिथे दोन सेमिस्टर चॅपल आणि धर्माचे दोन कोर्स. काही इव्हँजेलिकल कॉलेजं तर ख्रिस्ती असल्याशिवाय पदवीला प्रवेशच देत नाहीत. आणि युटामधल्या ब्रिगम यंगमध्ये ऑनर कोडप्रमाणे चहा-कॉफीसुद्धा वर्ज्य! (त्यांना ख्रिश्चन धरायचं की नाही यावर वेगळा धागा काढा, इथे नको.) भाचीला प्रवेश दिलाय म्हणजे निदान धर्माची अट नसावी, पण तेवढं लेखी विचारून घ्या.

आता अभ्यासाचं. कॉर्पोरेट फायनान्सला पुस्तकं तीच जी बाकीच्या कॉलेजांत असतात. नेट प्रेझेंट व्हॅल्यू (उद्याच्या पैशाची आजची किंमत) काढताना कुणी प्रार्थना करायला लावत नाही. फरक पडतो तो एथिक्स आणि मॅनेजमेंटच्या वर्गात. आमच्या सरांनी एकदा फळ्यावर दोन वचनं समोरासमोर लिहिली. एका बाजूला जुन्या करारातली आज्ञा: आपल्या बांधवाकडून व्याज घेऊ नको, परक्याकडून घेतलंस तर चालेल. दुसऱ्या बाजूला मत्तयच्या शुभवर्तमानातली गोष्ट, जिथे धनी पैसे पुरून ठेवणाऱ्या नोकराला झापतो की निदान सावकाराकडे ठेवले असतेस तर मला व्याज तरी मिळालं असतं. मग पगारापुरतं महागडं कर्ज देणाऱ्या पेडे लोनच्या दुकानांवर वाद लावून दिला. वर्गातली अर्धी मुलं पाद्रीबुवांच्या घरातली, पण सगळ्यात कडाक्याचं भांडण त्यांच्यातच झालं. कर्जाची किंमत कोण मोजतं हे मला त्या तासाला कळलं, आजही कर्जाच्या फायली तपासताना ते उपयोगी पडतं.

फोडणीचं म्हणाल तर डबल एंट्रीची (हिशेबात प्रत्येक व्यवहार दोनदा नोंदायची) पद्धत पहिल्यांदा छापून मांडणारा लुका पाचोली हा फ्रान्सिस्कन संन्यासीच होता, १४९४ साली, व्हेनिसमध्ये. मॅनेजमेंटमध्ये सारखी ऐकू येणारी "सर्व्हंट लीडरशिप" (नेत्याने आधी सेवक व्हायचं) मांडली ती एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत आयुष्य काढलेल्या रॉबर्ट ग्रीनलीफ या क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाच्या) माणसाने, १९७० मध्ये. लढाईच्या धंद्यात पैसा नको म्हणून निघालेला पॅक्स फंड १९७१ चा, त्यामागे मेथडिस्ट चर्चचं काम करणारी माणसं होती. आज सगळे ईएसजी ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कारभार बघून गुंतवणूक) करतात, पण ती वाट बऱ्याच आधी मळलेली आहे.

---

उंबरा

तळटीप यांचा अनुभव चांगला आहे, पण नाण्याची दुसरी बाजू कुणीतरी लिहायला हवी.

प्रवेश घेताना मुलं ज्या "कम्युनिटी कव्हेनंट" किंवा आचारसंहितेवर सही करतात ती शब्दन्‌शब्द वाचा. दारू-सिगारेट तर आलीच, पण मुलामुलींनी एकमेकांच्या होस्टेलच्या खोल्यांत कधी जायचं, दार किती उघडं ठेवायचं, हेही असतं. लैंगिकतेबद्दलचे नियम असतात आणि मोडले तर शिस्तभंगाची कारवाई होते. धार्मिक संस्थांना लिंगभेदविरोधी टायटल नाइन कायद्यातून सूट घेता येते, त्यामुळे "हे तर सगळीकडे बेकायदेशीर आहे" म्हणून भांडायला गेलात तर हाती काही लागेलच असं नाही. भाचीचे स्वतःचे विचार काय आहेत हे मावशीने तिलाच एकटीला विचारावं, ताई-भावजींच्या समोर नको.

---

निवांत_दुपार

निम्मी फी माफ आहे ना? मग घ्या की. इतका विचार कशाला?

---

पासबुक

@निवांत_दुपार, तिथेच तर खरी गोम आहे.

अमेरिकेतल्या खाजगी कॉलेजांत छापील फी फार थोडे जण भरतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना सरासरी अर्ध्याहून जास्त सूट देणं हा तिथला रिवाजच झालाय. त्यामुळे "स्कॉलरशिप मिळाली" याचा आनंद करा, पण तुलना सूट वजा जाता खिशातून जाणाऱ्या रकमेची करा, राहणं-जेवणं आणि विमा धरून. ही सूट चारही वर्षं टिकायला किती जीपीए (गुणांची सरासरी) लागतो आणि दरवर्षी फी वाढली की सूटही वाढते का, हे दोन प्रश्न ऑफिसला ईमेलवरच विचारा. फोनवर गोड बोलतात.

दुसरं, मान्यता. संस्थेची मान्यता कुणाची ते बघा. हायर लर्निंग कमिशनसारख्या मोठ्या संस्थेची असेल तर क्रेडिट (पूर्ण केलेल्या कोर्सांची नोंद) दुसरीकडे नेणं सोपं जातं. ट्रॅक्स ही ख्रिश्चन कॉलेजांसाठीची मान्यतासंस्था सरकारमान्य आहे, पण क्रेडिट घ्यायचे की नाही हे शेवटी घेणारी युनिव्हर्सिटी ठरवते. बिझनेस विभागाची मान्यता वेगळी. एएसीएसबी सगळ्यात मानाची, बेलर आणि नोत्र दामकडे आहे. छोट्या कॉलेजांकडे बहुतेकदा एसीबीएसपी किंवा आयएसीबीई असते. ते वाईट नाही, पण दोन्ही एक समजू नका.

तिसरं, नोकरी. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर १२ महिने ओपीटी (तिथेच आपल्या विषयात काम करायची परवानगी) मिळतं. आणखी २४ महिने हवे असतील तर पदवी स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत लागते, आणि साधं फायनान्स त्यात बसत नाही. फायनान्शियल अ‍ॅनालिटिक्स २०२२ पासून बसतं, मॅनेजमेंट सायन्सही बसतं. पदवीचा सीआयपी कोड (अभ्यासक्रमाचा सरकारी क्रमांक) काय आहे ते विचारा. आय-२० वर (व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदावर) तोच छापून येतो, माहितीपत्रकातलं गोंडस नाव नाही.

आणि आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणीच बघत नाही. मुलगी फायनान्स शिकायला निघालीय ना? मग तिला पहिला ताळेबंद या कॉलेजचाच वाचायला द्या. छोटी धार्मिक कॉलेजं भराभर बंद पडताहेत. लुथरन परंपरेचं फिनलंडिया २०२३ मध्ये गेलं, मेथडिस्टांचं आयोवा वेस्लियन त्याच वर्षी, बर्मिंगहॅम-सदर्न मे २०२४ अखेर. तिसऱ्या वर्षाला असताना कॉलेजला टाळं लागलं तर चॅपलची हजेरी हा विषयच उरत नाही. बहुतेक खाजगी कॉलेजं आयकर खात्याला फॉर्म ९९० भरतात आणि तो नेटवर फुकट बघायला मिळतो. शिवाय शिक्षण खातं बहुतेक खाजगी कॉलेजांना आर्थिक प्रकृतीचा कंपोझिट स्कोअर देतं, उणे १ ते ३. दीडच्या वर असेल तर ठीक, एकच्या खाली असेल तर दुसरीकडे बघा.

---

उंबरा

+१ पासबुक. हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

---

भाचीची_मावशी

सगळ्यांचे मनापासून आभार! भाचीला धागा दाखवला. रात्री जागून तिने फॉर्म ९९० उघडले, मागच्या काही वर्षांचे. कंपोझिट स्कोअर दीडच्या थोडा वर आहे, पण दोन वर्षं खर्च उत्पन्नापेक्षा जास्त. ईमेलला उत्तर आलं: सूट टिकवायला ३.२५ जीपीए लागेल, आणि फी वाढली तरी सूट तेवढीच राहणार. ख्रिस्ती असण्याची अट नाही. सीआयपी कोड साध्या फायनान्सचाच आहे.

@उंबरा, तिला एकटीला विचारलं. म्हणाली, "मावशी, चॅपलला मी बसेन गं, पण सही करताना खोटं बोलणार नाही." तो कागद ती पुन्हा वाचतेय. भावजी आता गप्प आहेत आणि ताईला चॅपलपेक्षा त्या तुटीची धास्ती बसलीय, म्हणजे तट तसे एकत्र आलेत.

पासबुक, एक शेवटची शंका. ताळेबंदात "देणगीदारांच्या अटींसह" आणि "अटींशिवाय" अशा दोन निव्वळ मालमत्ता दाखवल्यात. एकूण बेरीज दांडगी दिसते. तिला विचारायचंय की यातला कुठला आकडा धरायचा?

---

पासबुक

पोरगी बरोबर जागी बोट ठेवतेय. फॉर्म ९९० च्या भाग १० मध्ये ओळ २७ अटींशिवायची आणि २८ अटींसहची. २८ मधला पैसा देणगीदाराने ज्या कामासाठी दिला त्यालाच लागतो. नवीन चॅपल बांधायला आलेल्या देणगीतून प्राध्यापकांचे पगार निघत नाहीत. तिने २७ बघावी, पण त्यात इमारतीही धरलेल्या असतात, म्हणून मालमत्तेच्या बाजूची जमीन-इमारतींची रक्कम आणि समोरचं कर्ज दोन्ही शेजारी मांडून घ्यावं. एंडाउमेंटमध्ये (कॉलेजच्या गुंतवून ठेवलेल्या निधीत) दरवर्षी किती आलं आणि किती उपसलं ते त्याच फॉर्मला जोडलेल्या शेड्यूल डीच्या भाग ५ मध्ये मिळेल. पाच वर्षांचे आकडे तिथे एका ओळीत असतात. उपसा वाढत गेलेला दिसला तर इथे टाका, मिळून बघू.