दाबाच्या वाचनावरून काढलेला पंखछेदाचा ड्रॅग ऋण का येतो?

प्रश्न
नाका (NACA) ००१२ या प्रमाणित सममित छेदाचा, १५ सेंटिमीटर कॉर्डचा (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या रुंदीचा) पंख विंड टनेलमध्ये सेकंदाला २० मीटर वेगाच्या हवेत ठेवला होता. पंखाचा हवेशी असलेला कोन कोनमापकावर ४ अंश होता आणि रेनॉल्ड्स संख्या (वेग, आकार आणि हवेचा चिकटपणा यांवरून ठरणारी संख्या) सुमारे २ लाख. दाबछिद्रांच्या (पंखाच्या पृष्ठभागावरील दाब मोजणाऱ्या बारीक छिद्रांच्या) वाचनाची छेदाभोवती बेरीज केल्यावर लिफ्टचा (वर उचलणाऱ्या बलाचा) गुणांक ०.५ आला, तो पटण्यासारखा आहे. ड्रॅगचा (हवा पंखाला मागे ओढते त्या बलाचा) गुणांक मात्र −०.००२ येतो. आकडेमोड तीनदा तपासली, तरी चूक सापडत नाही.

प्रतिसाद १
आकडेमोड बरोबर असूनही असे होऊ शकते. मुळात दाबछिद्राला फक्त पृष्ठभागाला लंब असलेला दाब कळतो. हवा पृष्ठभागावरून घासत जाते त्याचे बल त्याला कळतच नाही. आपल्या रेनॉल्ड्स संख्येला सपाट पट्टीवरील स्तरीय (खळबळ नसलेल्या, थराथरांनी वाहणाऱ्या) प्रवाहाचे सूत्र लावले, तर दोन्ही बाजू मिळून घर्षणाचा गुणांक सुमारे ०.००६ येतो. म्हणजे ड्रॅगचा निम्म्याहून मोठा हिस्सा आपल्या मोजमापाबाहेरच राहिला आहे. चिकटपणा नसलेल्या द्रवात किंवा वायूत ड्रॅग शून्य येतो, हा फ्रेंच गणितज्ञ दालांबेर यांनी १७५२ मध्ये दाखवलेला विरोधाभास जर्मन शास्त्रज्ञ प्रान्टल यांच्या १९०४ च्या सीमास्तराच्या (पृष्ठभागालगतच्या, घर्षणाने मंदावलेल्या पातळ थराच्या) कल्पनेमुळे उलगडला: छेदाच्या मागच्या भागात दाब पुन्हा चढतो आणि पंखाला पुढे रेटतो, पण सीमास्तर जाड होत गेल्यामुळे तो पुरता चढत नाही आणि तेवढाच दाबाचा ड्रॅग शिल्लक उरतो.

प्रतिसाद २
वरील खुलाशाने आकडा लहान का येतो ते समजते, ऋण का येतो ते नाही. दाबाचा ड्रॅग ही दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी असते: कॉर्डला लंब असलेल्या बलाचा मागे ओढणारा घटक आणि पंखाच्या नाकाजवळच्या (पुढच्या कडेजवळच्या) कमी दाबामुळे मिळणारी पुढची ओढ. ४ अंशांना पहिली संख्या ०.०३५ च्या घरात जाते आणि हाती उरायचे असते फक्त ०.००४-०.००५. कोनात एका अंशाची चूक झाली, तर ०.५ गुणिले ०.०१७५ म्हणजे जवळजवळ ०.००९ चा फरक पडतो, उत्तराच्या दुप्पट! छेद सममित आहे, तेव्हा खऱ्या शून्य अंशाला लिफ्टही शून्य हवी; ती कोनमापकावर नेमकी कोणत्या कोनाला शून्य होते ते आधी पाहावे. नाकाजवळ दाबछिद्रे विरळ असतील तर पुढची ओढ कमी मोजली जाते आणि चूक उलट दिशेची होते, म्हणजे ड्रॅग फुगतो. त्यामुळे येथे संशय कोनावरच आहे.

प्रतिसाद ३
ड्रॅगच हवा असेल तर दाबछिद्रांचा नाद सोडावा, असे माझे मत आहे. पंखामागे निदान एक कॉर्ड अंतरावर पिटो नळ्यांची (हवेचा वेग मोजणाऱ्या नळ्यांची) रांग लावून हवेच्या संवेगात (वस्तुमान गुणिले वेग) पडलेली तूट मोजावी. तीत घर्षण आणि दाब दोन्ही येतात. मात्र त्या रांगेपुढे तार, टेकू असे काहीही ठेवू नये. आपला १८ मिलिमीटर जाडीचा पंख जेवढा ड्रॅग निर्माण करतो, जवळपास तेवढाच दीड मिलिमीटर व्यासाची गोल तार करते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर
लिफ्ट शून्य होते तेव्हा कोनमापक −०.८ दाखवतो, म्हणजे खरा कोन ४.८ अंश होता. दुरुस्तीनंतर दाबाचा ड्रॅग +०.००५ आला. पिटो नळ्यांची रांग पुढच्या आठवड्यात लावतो. तिचा आकडा दाबाचा ०.००५ आणि घर्षणाचा ०.००६ मिळून ०.०११ च्या आसपास यायला हवा.