‘नष्ट करतात’ हे क्रियापद इथे चालेल का? (जिवाणूंची विषे आणि यजमान पेशी)

फोंडा (विचारणा)
नमस्कार. अकरावीच्या मुलांसाठी जीवशास्त्राची टिपणं मराठीत उतरवते आहे. एका वाक्यावर अडले: ‘जिवाणूंची विषे यजमान पेशी नष्ट करतात.’ यातला ‘यजमान’ (म्हणजे जिवाणू ज्याच्या शरीरात शिरतात तो) मला खटकतो. आमच्याकडे यजमान म्हटलं की सोवळं नेसून पाटावर बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो, नाहीतर घरचे ‘हे’. दुसरं, कॉलऱ्याच्या जुलाबांना ‘पेजेसारखे’ म्हटलं तर चालेल ना?

डिचोली
ताई, पेज नको. आपली उकड्या तांदळाची पेज तांबूस, दाट, वर शितं. कॉलऱ्यात जे पडतं ते पाण्यासारखं, किंचित गढूळ, त्यात बारीक पांढरे कण. तांदूळ धुतल्यावर पहिलं पाणी ओततो ना, अगदी तसं. ‘तांदळाच्या धुवणासारखे’ लिहा. पेज वाचून गोव्यातला मुलगा भलतंच चित्र मनात धरेल.

मडगाव (प्रयोगशाळेत काम करतो)
धुवणाला माझंही मत. पण बाई, त्या वाक्यात खरी चूक ‘यजमान’ नाही, ‘नष्ट करतात’ आहे. मराठीत विषाला ठरलेली क्रियापदं आहेत: चढतं, भिनतं, उतरतं. सगळी सापाच्या विषावरून आलेली, आणि साऱ्या अंगाची. पेशीपाशी आलं की ती पुरत नाहीत. मग आपण सरसकट ‘नष्ट करते’ लिहून मोकळे होतो.

कॉलऱ्याचंच बघा. त्याच्या विषाचे पाच सारखे तुकडे आतड्याच्या पेशीवरच्या एका साखरयुक्त स्निग्ध रेणूला चिकटतात. मग पेशी स्वतःच ते गिळते, आत आंतर्द्रव्यजालिकेपर्यंत (पेशीतल्या पटलांच्या जाळ्यापर्यंत) नेते, आणि तिथून विषाचा कामाचा तुकडा पेशीद्रवात सटकतो. तो एका प्रथिनावर रासायनिक खूण चिकटवतो. हे प्रथिन म्हणजे बटण समजा. एरवी ते आपोआप बंद होतं, खूण बसली की चालूच राहतं. पेशीत चक्रीय एएमपी (आतल्या आत निरोप पोचवणारा एक छोटा रेणू) वाढत जातं, क्लोराइड बाहेर पडतं, मागोमाग सोडियम आणि पाणी. रोग्याच्या अंगातून तासाला लिटरभर पाणीसुद्धा जाऊ शकतं. पण पेशी? ती शाबूत असते. म्हणून तर मीठ-साखरेचं पाणी गुण देतं. साखर आणि सोडियम जोडीने आत घेणारी तिची वाट चालू असते, आणि त्यांच्या मागून पाणीही आत येतं. पेशी नष्ट झाल्या असत्या तर ते पाणी पाजून काय उपयोग होता?

घटसर्पात मात्र पेशी खरोखर मरते. तिथलं विष प्रथिनं बांधण्याच्या कामातला एक घटक निकामी करतं. त्याच्या कामाच्या तुकड्याचा एक रेणू आत शिरला तरी पेशी मारायला पुरतो. घशातला तो करडा पापुद्रा मेलेल्या पेशींचाच, पण विष तिथे थांबत नाही. रक्तातून हृदयापर्यंत जातं. जिवाणू राहतो घशात. (गुरांचा घटसर्प वेगळा, त्याचा जिवाणूही वेगळा. डिचोलीकर, तुमच्याकडे गोठे आहेत म्हणून सांगतो.)

धनुर्वाताचं विष मज्जातंतूतून पाठीच्या कण्यापर्यंत चढतं. बघा, इथे ‘चढतं’ अक्षरशः खरं! तिथे ते, स्नायूंना आवर घालणारे संदेश सोडायला लागणारं प्रथिन कात्रीसारखं कापतं. मज्जापेशी जिवंतच, पण लगाम सुटलेला, आणि रोगी धनुष्यासारखा ताणला जातो. उलट काही जिवाणूंची विषं पेशीच्या पटलाला सरळ भोक पाडतात. पुवाच्या गळवांत सापडणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचं एक विष सात तुकडे गोल जुळवून भोकच तयार करतं.

पेडणे
मडगावकरांचं वाचून एक शब्द आठवला: मोडशी. आमच्या आज्जी पोट बिघडलं की ‘मोडशी झाली’ म्हणत आणि ओवा चावायला देत. 1563 साली गोव्यात छापलेल्या, पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथात हाच शब्द कॉलऱ्यासाठी आहे, ‘मोर्शी’ असा. पोर्तुगीजांनी तो आपल्या जिभेप्रमाणे वाकवला, आणि पुढे फ्रेंचांनी त्यात ‘कुत्र्याचं मरण’ ऐकलं! मूळ धातू मोडणे असावा. म्हणजे आमच्या पूर्वजांनीही ‘नष्ट’च्या जवळचंच क्रियापद धरलं होतं की.

मडगाव
काका, माणूस मोडतो हे त्यांनी बरोबर पाहिलं. पेशी मोडत नाही, हे पाहण्याचं साधन त्यांच्याकडे नव्हतं. शास्त्रज्ञांनाही वेळ लागलाच. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कॉलऱ्याचा जिवाणू दाखवला 1880च्या दशकात. विषाचा पुरावा मात्र कलकत्त्याच्या शंभुनाथ दे यांनी 1959 मध्ये दिला. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जिवाणू गाळून काढलेला द्रव घातला, आणि तो तुकडा पाण्याने फुगला. जिवाणू नाहीत, नुसता द्रव.

डिचोली
मग ‘यजमान’ बरोबरच म्हणायचा. पाहुण्याला हाताला धरून माजघरात नेणारा! घटसर्पात तर पाहुणा ओसरीवर बसून नुसता डबा आत पाठवतो.

पेडणे
आणखी एक. आपल्या पेपरात ‘विषबाधा’ कशालाही लिहितात. स्टॅफिलोकॉकस वाढलेलं अन्न खाल्लं तर विष ताटातच तयार असतं, पुन्हा उकळलं तरी ते टिकतं. तिथे विषबाधा हाच शब्द नेमका, ‘लागण’ नव्हे. कॉलऱ्यात आधी लागण, विष मागाहून.

फोंडा
सगळ्यांचे आभार. आता असं लिहिलंय: ‘जिवाणूंची विषे यजमान पेशीत वेगवेगळे बिघाड करतात: काही पटलाला भोक पाडतात, काही प्रथिननिर्मिती बंद पाडतात, काही चालू झालेले काम बंदच होऊ देत नाहीत, काही संदेशाची वाट कापतात.’ वाक्य लांबलं खरं. ‘यजमान’ ठेवला. धुवणही. फक्त ‘बिघाड’ म्हणजे पंपाचा वाटतो, असं आमचे ‘हे’ म्हणतात.

मडगाव
कॉलऱ्याला तोच शोभतो, बाई. पंप थांबत नाही.