बाबांना पालथं झोपवणार म्हणतायत, सही करू का?

धायरीची_लेक:
बाबा ५६ वर्षांचे. स्वाइन फ्लूचा न्यूमोनिया, व्हेंटिलेटरवर आज चौथा दिवस. मशीनवर ऑक्सिजन ८० टक्के, तरी सकाळच्या एबीजीत, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या तपासणीत, ६८. डॉक्टर पालथं करायला संमती मागतायत. भाऊ म्हणतो, नळ्या लावलेल्या माणसाला उलटं कशाला करायचं, सरळ एक्मो (रक्ताला शरीराबाहेर ऑक्सिजन देणारं मशीन) असेल तिथे हलवू. आत्या श्वासातून देतात त्या नायट्रिक गॅसचं विचारतेय. सहाला भेटायची वेळ आहे, तोवर कुणीतरी सांगा.

रात्रपाळी_सिस्टर:
ताई, सही करा. सहापर्यंत थांबू नका.

२००९ ला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू आपल्या पुण्यात झाला, तेव्हापासून मी आयसीयूत आहे. तेव्हा पालथं करायचं ते अगदी शेवटी. २०१३ ला फ्रान्स-स्पेनमधल्या ४६६ रुग्णांची चाचणी आली. उताणे ठेवलेल्यांत २८ दिवसांत सुमारे ३३ टक्के दगावले, रोज किमान १६ तास पालथे ठेवलेल्यांत १६ टक्के. बाबांच्या रक्तातल्या ऑक्सिजनच्या ६८ ला मशीनवरच्या ८० टक्क्यांनी, म्हणजे ०.८ ने भागा, ८५ येतात. ती चाचणी हा भागाकार १५० च्या खाली असलेल्यांवरच होती.

उताणं असताना फुफ्फुसाचा पाठीकडचा भाग दबलेला असतो, वर हृदयाचंही वजन. पालथं केलं की तो उघडतो.

आम्ही पाच जण लागतो. एक जण फक्त डोक्याशी, नळी धरून. एक-दोन-तीन तोच मोजतो, बाकीचे त्याच्या शब्दावर हलतात. चेहरा सुजेल, ओठ जाड होतील. आईंना आधी सांगा. मागे एक माऊली काहीच माहीत नसताना आत आल्या आणि दारातच खाली बसल्या. आम्ही सांगायला हवं होतं, अजून टोचतं मला.

नायट्रिकने ऑक्सिजनचा आकडा थोडा वेळ सुधारतो, पण त्याने जास्त माणसं वाचल्याचं दिसलेलं नाही. किडनीलाही धोका.

धायरीची_लेक:
सही केली. भावाला काय सांगू?

सातारा_रोड:
भाऊ चुकत नाहीये. माझी बायको एक्मोवर होती. रक्त बाहेर काढून त्यात ऑक्सिजन भरतात, तेवढा वेळ फुफ्फुसाला आराम. आजार त्याने बरा होत नाही. पण एक्मो केंद्राला फोन आजच करा, मशीनवर सात दिवस उलटले की बरीच केंद्रं मागेपुढे बघतात. त्यांची टीम इथे येऊन एक्मोच्या नळ्या घालून नेईल का, हेही विचारा. नुसत्या व्हेंटिलेटरवर हलवणं जोखमीचं.

धायरीची_लेक:
पावणेपाचला पालथं केलं. भाऊ फोनवर आहे. सिस्टर, आईला चेहऱ्याचं सांगितलं.