गिझर बंदच होत नाही, नळातून वाफ येते

राम राम मंडळी. दर्यापूरकडचं खेडं, पाणी बोअरचं. आमच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी कसं असते, सांगाले नको. २५ लिटरच्या गिझरचा लाल दिवा इझतच नाही. नळ सोडला का पाणी फसफसते. सेफ्टी व्हॉल्व्हही टपकते. मेकॅनिक म्हणते नवाच घ्या. टाकी तं ठणठणीत हाय! काय बदलू?

— भाऊ, पहिले मेन स्विच पाडा. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं का कॉइल बंद करणारा स्विच, चिकटला असन. पण मंग पाणी लयच तापल्यावर कटआउटनं लाइन तोडाले पायजे होती, म्हणजे तोही गेला. दोन्ही बदला. अन् टपकते म्हणून व्हॉल्व्हले बूच मारू नका बाप्पा, टाकी फुटते. तो त्याचं काम करून रायला.

— कॉइलही काढून पाहा. थर्मोस्टॅटच्या नळीवर क्षार बसला का त्याले गरमी उशिरा समजते. मॅग्नेशियमचा दांडा झिजून नुसती तार उरली असन तं तोही नवा टाका, नाही तं गंज टाकीले खाते.

— खोललं. कॉइलवर बोटाएवढा पांढरा थर, दांड्याची तारच उरली. सामान अमरावतीहून आणतो. कॉइलचं गॅस्केट जुनंच चालन का?

— नाही. नवंच लावा. अर्थिंगही तपासून घ्या.