'नवोन्मेष' की 'नसते उपद्व्याप'?

कावेरी: बचतगटाच्या प्रशिक्षणाची पुस्तिका मराठीत करतेय. इनोव्हेशनला 'नवोन्मेष' लिहिलं. वाचून दाखवलं, तर एक मावशी म्हणाल्या, "हे कुठल्या देवाचं नाव?" पुढे 'महिलांनी धंद्यात नवे प्रयोग करावेत' आलं आणि सगळ्यांचे पदर तोंडाला. "ताई, धंदा नको, व्यवसाय लिहा." काय करू?

वाळवण: 'युक्ती' लिही. आईने एकदा कुरडयांच्या चिकात पालकाचा रस घातला. आजी म्हणाली, नसते उपद्व्याप! पुढच्या वर्षी शेजारणींनी त्याच मागितल्या, तेव्हा झाली 'आमच्या सूनबाईची कल्पना'.

अमृताक्षर: युक्ती तोकडी आहे. उन्मेष म्हणजे डोळे उघडणं, केवढा सुंदर शब्द! वापरला की रुळेल. महापौर, दिग्दर्शक रुळलेच ना? आता 'शक्कल' सुचवू नका, ती अरबी.

टवाळ: मग खुर्चीवरून उठून लिहा. तीही अरबीच.

दर्याकिनारी: 'धंदा' का नको? आजी म्हावरं विकायची, "धंद्यावर जाते" असंच म्हणायची. लाज पांढरपेशांना.

वाळवण: लाज होतीच, अन्न विकू नये म्हणायचे ना. म्हणून बाई खाणावळ चालवत नसे, 'दोन डबे देते' म्हणे. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये गिरणगावातल्या खाणावळवाल्यांना एकत्र करून बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तर मंडळाचं नाव काय? अन्नपूर्णा! धंदा पदराआड. लिज्जतचंही तेच. 1959, गिरगावातली गच्ची, सात जणी, 80 रुपये उसने. पापड नवा नव्हता, मालकच नाही हे नवं होतं. पण आजही एकमेकींना म्हणतात 'बहीण'. नातं लावलं की कुणी नावं ठेवत नाही.

टवाळ: म्हणजे शब्द हवा तो 'नवं'साठी नाही, 'बाईनं केलेलं नवं'साठी. टूम, उचापती, नसते उद्योग... भांडार भरलंय की. 'उद्योग'सुद्धा आईच्या तोंडी शिवीच.

अमृताक्षर: हे भाषेचं दुखणं नव्हे. आणि 'उद्योजिका' लिहा, 'महिला उद्योजक' नको.

दर्याकिनारी: डॉक्टरला डॉक्टरीण म्हणता का?

वाळवण: लिज्जतच्या बहिणी सकाळी डांगर घेऊन जातात, घरी लाटतात. त्यांना विचारा कोण उद्योजिका.

मन्याड: डांगर? आमच्या मराठवाड्यात डांगर म्हणजे लाल भोपळा.

वाळवण: अहो, उडदाच्या पापडाचं भिजवलेलं पीठ!

कावेरी: पुस्तिका उद्या छापायला जातेय हो...

टवाळ: भोपळ्याचे पापड होतात?

मन्याड: घारगे होतात.