सासूबाई आणि दोन मुलांसह उन्हाळ्याच्या सुट्टीत बॅरा बेटावर जावे का?

लीड्सवासी_नाशिककर :

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. मुलगा बारा वर्षांचा आहे आणि मुलगी सहा वर्षांची. सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी येत आहेत. दर उन्हाळ्यात आम्ही कुठेतरी ऊन शोधत जातो, परंतु या वर्षी यजमानांच्या डोक्यात स्कॉटलंडच्या पश्चिमेकडचे बॅरा बेट शिरले आहे आणि ऑगस्टमध्ये आठवडाभर तिथे घर भाड्याने घ्यायचे, असे त्यांचे ठाम मत आहे. पांढरी वाळू आणि हिरवे पाणी असलेली छायाचित्रे मीही पाहिली आहेत, त्यामुळे बेट सुंदर आहे का, हा माझा प्रश्न नाही.

मला काळजी आहे ती वेगळी. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या ओबान बंदरातून बोटीला जवळजवळ पाच तास लागतात आणि मुलीला गाडीतसुद्धा उलट्या होतात. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. सपाट रस्त्यावर त्या व्यवस्थित चालतात, पण चढ-उतार त्यांना झेपत नाहीत. त्या पूर्ण शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत. सलग चार दिवस पाऊस लागला तर मुलांनी काय करायचे आणि कोणी आजारी पडले तर कुठे धावायचे, हेही मला समजून घ्यायचे आहे. चार भिंतींत बसून पाऊसच पाहायचा असेल, तर त्यासाठी इतके पैसे मोजून अटलांटिकच्या काठावर जाण्याची गरज नाही, हे माझे प्रामाणिक मत आहे. ज्यांनी कुटुंबासह हे बेट पाहिले आहे, त्यांनी कृपया स्पष्ट सांगावे.

कोकणकडा :

ताई, मी ग्लासगोला राहते आणि मुले लहान असल्यापासून आमचे या बेटांवर जाणे-येणे आहे. माझे उत्तर "जावे" असे आहे, मात्र त्याला एक अट आहे आणि ती सर्वांत शेवटी सांगते.

आधी बोटीबद्दल. ओबानहून निघाल्यावर पहिला दीड-पावणेदोन तास बोट मल बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या चिंचोळ्या समुद्रातून जाते आणि तिथे पाणी बहुधा शांत असते. उजव्या हाताला आर्डनामर्कनचे दीपगृह मागे पडले की उघडा समुद्र लागतो आणि बोट हलायची ती तिथून पुढे हलते. त्यामुळे मुलीला उलटी थांबवणारे औषध बोट सुटण्यापूर्वीच द्यावे, थोडे कोरडे खाणे पहिल्या तासातच उरकावे आणि दीपगृह आले की तिला बोटीच्या मध्यभागी, शक्य तितक्या खालच्या मजल्यावर आडवी करावी. वारा नसेल तर यातले काहीही लागणार नाही आणि मुले डेकवर उभी राहून डॉल्फिन शोधत बसतील.

आता सासूबाईंबद्दल. बेटाभोवती फिरणारा मुख्य रस्ता सुमारे वीस किलोमीटरचा आहे, म्हणजे हाताशी गाडी असेल तर कोणतीही जागा फार लांब नाही. रस्ता एकपदरी आहे आणि ठिकठिकाणी समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी जागा ठेवल्या आहेत. तिथे थांबायचे, हात उंचावून आभार मानायचे आणि पुढे निघायचे. हेवल हा तिथला ३८३ मीटर उंचीचा डोंगर सासूबाईंनी खालूनच पाहावा. त्यांच्यासाठी खरी जागा म्हणजे दक्षिणेचे व्हॅटरसे हे छोटे बेट. १९९१ पासून ते भरावाच्या रस्त्याने बॅराला जोडलेले आहे. त्याआधी गुरे पोहत पलीकडे न्यावी लागत आणि १९८६ मध्ये एक नामांकित वळू त्या पाण्यात बुडाला, तेव्हा कुठे रस्त्याच्या मागणीला जोर आला. सरकारदरबारी माणसांच्या अर्जांपेक्षा एका वळूचे वजन जास्त पडले, असे म्हणायला हरकत नाही.

व्हॅटरसेच्या मधोमध जमिनीची एक अरुंद पट्टी आहे. तिच्या पूर्वेला एक किनारा, पश्चिमेला दुसरा आणि मध्ये गवताळ, फुलांनी भरलेली वालुकामय जमीन, जिला तिथे माखर म्हणतात. एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर जायला काही मिनिटेच लागतात. पश्चिमेकडे अटलांटिकच्या लाटा थेट येऊन आदळतात, तिथे सहा वर्षांच्या मुलीला पाण्यात सोडू नये; पूर्वेकडचा उपसागर उथळ आणि शांत असतो. वारा ज्या दिशेचा असेल, तिच्या विरुद्ध बाजूचा किनारा निवडायचा, इतके सोपे गणित आहे. गावाच्या सभागृहात उन्हाळ्यात चहा आणि केक मिळतो, स्वच्छतागृह असते आणि मोठ्या खिडक्यांमधून बाहेरचे सारे दिसते. माझ्या आईने तिथे बसून विणकाम करत अख्खी दुपार घालवली होती आणि मुले वाळूत खेळत असताना स्थानिक गाई निवांतपणे किनाऱ्यावरून चालत गेल्या होत्या. पश्चिमेच्या किनाऱ्याजवळ १८५३ साली फुटलेल्या 'ॲनी जेन' या जहाजातील मृतांचे स्मारक आहे. स्थलांतरितांना घेऊन कॅनडाकडे निघालेल्या त्या जहाजावरची सुमारे साडेतीनशे माणसे तिथे बुडाली. तुमच्या मुलाला मात्र १९४४ मध्ये कोसळलेल्या कॅटालिना विमानाचे अवशेष जास्त आवडतील. ते रस्त्याच्या कडेलाच पडलेले आहेत, त्यामुळे चढावे लागत नाही.

पावसाचे म्हणाल तर दिवसभर संततधार लागणे क्वचित घडते. सर येते, वारा तिला पुढे ढकलतो आणि तासाभरात ऊन पडते. ऑगस्टमध्येही दुपारचे तापमान पंधरा-सोळा अंशांच्या आसपास राहते, त्यामुळे स्वेटर आणि चांगला रेनकोट हाच तिथला उन्हाळी पोशाख समजावा. छत्री नेऊ नये, ती वाऱ्यात टिकत नाही. अगदीच बाहेर पडता येत नसेल, तर कासलबे या बॅराच्या मुख्य गावातल्या शाळेला लागून असलेला तरणतलाव सर्वांसाठी खुला असतो. फक्त सुट्टीतल्या वेळा आधी विचारून घ्याव्यात.

आणि आता ती अट. परतीच्या बोटीनंतर दुसऱ्याच दिवशी कामावर, शाळेत किंवा विमानतळावर हजर राहायचे असेल, तर बॅराला जाऊ नका. उन्हाळ्यात तिथे साधारणपणे दिवसाला एकच फेरी असते. वारा वाढला तर ती रद्द होते आणि या बोटी चालवणाऱ्या कॅलमॅक कंपनीच्या ताफ्यातील अनेक जहाजे जुनी झालेली असल्याने एखादे दुरुस्तीला गेले की दुसऱ्या मार्गावरचे जहाज तिकडे हलवले जाते. सासूबाईंचे भारतात परतण्याचे तिकीट या सहलीनंतर किमान आठवडाभराने असावे. तुमच्या घरात वेळापत्रक बिघडले की भांडण होत असेल, तर हे बेट ते भांडण नक्की घडवून आणील. आणि बिघडले तर बिघडले, असे म्हणता येत असेल, तर यासारखी सुट्टी नाही.

स्पष्टवक्ता_मिरज :

वरचा प्रतिसाद वाचनीय आहे, पण मी असहमत आहे. लीड्सहून ओबानपर्यंत गाडीने सहा-सात तास, मग मुक्काम, मग पाच तासांची बोट. एका आठवड्यातले जवळजवळ चार दिवस येण्याजाण्यात जातील, आणि हे सारे पहिल्यांदा या भागात येणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीसाठी. त्याच ओबानहून मल बेटाची बोट साधारण पन्नास मिनिटांत पोहोचवते आणि तिला दिवसात अनेक फेऱ्या असतात, त्यामुळे एक फेरी रद्द झाली म्हणून सहल कोसळत नाही. टोबरमोरी गावातली रंगीत घरे, गरुड, किल्ला, पांढरी वाळू हे सारे तिथे आहे. ज्यांना पुढे जायचे आहे त्यांना स्टॅफा बेटावरची बेसॉल्टच्या षटकोनी खांबांची गुहा पाहता येते, अर्थात तिथल्या पायऱ्या सासूबाईंसाठी नाहीत. आधी मल, मग पुढच्या वर्षी फक्त मुलांना घेऊन बॅरा, असे मी सुचवीन. दूरचे म्हणजेच अस्सल, हा हट्ट सहल ठरवणाऱ्याचा असतो. त्याचे ओझे इतरांना वाहावे लागते.

मावळतीचे_ऊन :

स्पष्टवक्ता यांचा प्रवासाचा हिशेब बरोबर आहे, परंतु मल बेटावर ऑगस्टमध्ये गर्दी किती असते आणि डासांसारख्या त्या बारीक मिजचा त्रास किती होतो, हेही जमेस धरावे. मिजला वारा सोसत नाही. बॅराच्या पश्चिम किनाऱ्यावर वारा थांबतच नाही, म्हणून तिथे त्यांचा उपद्रव त्या मानाने पुष्कळ कमी असतो. तरी तिथल्या दुकानांत मिळणारे स्मिज नावाचे, अंगाला लावायचे औषध जवळ ठेवावे. मिजपेक्षा गोचिडांकडे जास्त लक्ष द्यायला हवे. उंच गवतातून चालून आल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे, काखेत आणि केसांच्या कडेला रोज रात्री पाहायचे. गोचीड दिसल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ उपसायची, तिच्यावर तेल-बिल ओतायचे नाही. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागेभोवती पसरत जाणारा लाल डाग दिसला, तर डॉक्टरांकडे जावे, कारण लाइम रोगाची ती खूण असते.

आजारपणासाठी कासलबेमध्ये सेंट ब्रेंडन नावाचे लहानसे रुग्णालय आहे. ताप, जखम, पोटाचे दुखणे यांची सोय तिथे होते. गंभीर रुग्णाला मात्र हवाई रुग्णवाहिकेने मुख्य भूमीवर नेतात. ज्यांना हृदयविकार किंवा नियमित देखरेख लागणारा आजार आहे, त्यांनी हे लक्षात घेऊनच निर्णय घ्यावा. केवळ गुडघ्यांचा प्रश्न असेल, तर तो अडसर ठरू नये. नेहमीच्या गोळ्या दोन आठवड्यांच्या जास्त घ्याव्यात आणि सासूबाईंचा प्रवासविमा बेटावरच्या मुक्कामासाठीही लागू आहे ना, हे पाहून घ्यावे.

जेवणाची चिंता घर भाड्याने घेतल्यास उरत नाही. कासलबेमध्ये कोऑप हे किराणा दुकान आहे, तिथे भाजी, दूध, दही, ब्रेड मिळते. फक्त बोट एक-दोन दिवस आली नाही की भाजीचे कप्पे रिकामे होतात. डाळी, पोह्यांचे पाकीट, कणीक, हिंग आणि मसाले ग्लासगोच्या पोलोकशील्ड्स भागातून घ्यावेत. कुकर न्यायचा असेल, तर घरातली शेगडी इंडक्शनची आहे का, हे मालकाला आधी विचारावे, कारण आपला ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर चालत नाही. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ असते. कासलबेमध्ये स्कॅलॉप या शिंपल्यांची भजी मिळतात आणि ती खाऊन आमच्या मालवणी पाहुण्यांनीही मान डोलावली.

बॅराच्या दक्षिणेच्या निर्जन मिंग्युले बेटाची सहल सासूबाईंना झेपणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. तिथे धक्का नाही, हलत्या होडीतून खडकावर पाय टाकावा लागतो. १९१२ मध्ये शेवटचे रहिवासी ते बेट सोडून गेले. तिथले पफिन हे समुद्रपक्षी पाहायचे असतील, तर मुलांना जुलैअखेरपर्यंत न्यावे लागेल. ऑगस्टमध्ये ते पक्षी समुद्रावर निघून जातात.

लीड्सवासी_नाशिककर :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. यजमानांना सारे वाचून दाखवले. आता त्यांनी नवीन तोडगा काढला आहे : ते मुलासह गाडी घेऊन बोटीने जातील आणि मी सासूबाई व मुलीसह ग्लासगोहून विमानाने. तिथले विमान समुद्रकिनाऱ्यावर उतरते, असे ऐकले आहे. हे सुरक्षित आहे का आणि ज्येष्ठांना जमते का?

कोकणकडा :

सुरक्षित आहे, नियमित प्रवासी विमाने किनाऱ्याच्या वाळूवर उतरतात असा जगातला तो एकमेव विमानतळ मानला जातो. धावपट्ट्या भरतीच्या वेळी पाण्याखाली जातात, म्हणून विमानांच्या वेळा ओहोटी पाहून ठरतात आणि दिवसागणिक बदलतात. एकोणीस आसनांचे छोटे ट्विन ऑटर विमान असते, ग्लासगोहून सव्वा तासाच्या आसपास लागतो आणि ढग नसतील तर वाटेतली सारी बेटे खाली दिसतात. चढायला लहान शिडी असते आणि उतरल्यावर ओलसर वाळूवरून थोडेसे चालावे लागते, म्हणून सासूबाईंच्या पायात चपलांऐवजी बूट असावेत आणि मदत लागेल, असे तिकीट काढतानाच कळवावे. सामानाच्या वजनाची मर्यादा कडक असते. पिठा-डाळींच्या पिशव्या यजमानांच्या गाडीत जाऊ द्या. धुके असेल तर विमानही रद्द होते, तेव्हा त्याला बोटीपेक्षा भरवशाचे समजू नये.

त्याच किनाऱ्यावर स्थानिक लोक ओहोटीला वाळू उकरून कॉकल शिंपल्या गोळा करतात. तुमच्या मुलांना हे फार आवडेल. मात्र विमानतळावरची वाऱ्याची पिशवी वर चढवलेली दिसली की धावपट्टी वापरात आहे, असे समजून तिकडे फिरकू नये.

तारखांबद्दल एक सुचवते. स्कॉटलंडच्या शाळा ऑगस्टच्या मध्यास सुरू होतात आणि इंग्लंडच्या सप्टेंबरमध्ये, म्हणून तुमच्यासाठी ऑगस्टचा दुसरा पंधरवडा सोयीचा आहे. स्थानिक कुटुंबांची गर्दी ओसरलेली असते आणि रात्री साडेआठपर्यंत उजेडही असतो. पफिन हुकतील, ते तुम्हाला चालणार का, हे घरी ठरवा. घरे बहुतेक शनिवार ते शनिवार मिळतात. मात्र आधी बोटीवर गाडीची जागा मिळते का ते पाहा आणि मगच घराचे पैसे भरा. पायी प्रवाशांना जागा सहसा मिळते, गाड्यांची आरक्षणे उन्हाळ्यात फार लवकर संपतात.

स्पष्टवक्ता_मिरज :

विमान आणि बोट अशी विभागणी केल्यास माझा बराचसा आक्षेप उरत नाही. फक्त जाताना ओबानला आणि येताना ग्लासगोला एकेक रात्र मोकळी ठेवा, आणि त्या दोन्ही खोल्या रद्द करता येतील अशाच घ्या.